घरच्या नियमाची किंमत कोण मोजतो?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांविषयी, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र चालवत आणि फासे टाकत खेळायच्या कथाखेळांविषयी, बोलणारी माणसे एकत्र आली, की हाउस रूल्सचा, म्हणजे एखाद्या गटाने पुस्तकातील नियमांत आपल्यापुरत्या केलेल्या फेरफारांचा, वाद निघाल्यावाचून राहत नाही, आणि तो जवळजवळ नेहमी एकाच चाकोरीतून जातो. एका बाजूला छापील नियमांचे निष्ठावंत असतात. पुस्तकात लिहिला आहे तोच खेळ. ज्याला तो पटत नाही त्याने दुसरा खेळ निवडावा, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला डंजन मास्टरच्या (डीएमच्या), म्हणजे खेळ चालवणाऱ्या आणि निवाडा देणाऱ्याच्या, अंतिम अधिकाराचे पुरस्कर्ते असतात. डीएमचा शब्द पुस्तकाच्या वर, हाच त्यांच्या लेखी पहिला आणि शेवटचा नियम. दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात ते अधिकार कोणाचा, लेखकाचा की डीएमचा, या एकाच मुद्द्यावर. मला हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा केलेला वाटतो. घरचा नियम हा टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी आपसांत केलेला करार असतो. तो कोणी मांडला याला फारसे महत्त्व नाही. त्याची किंमत कोणत्या खेळाडूच्या माथी पडते आणि फासा पडण्यापूर्वी ती त्याला कळली होती का, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर आज लोकप्रिय असलेले काही घरचे नियम वाईट ठरतात, काही उत्तम ठरतात, आणि जिला आपण घरचा नियम म्हणतच नाही अशी एक सर्रास चालणारी गोष्ट सर्वांत वाईट ठरते.

निष्ठावंतांची पहिली अडचण इतिहासाची आहे. ज्या मूळ खेळाशी निष्ठा ठेवायची, तो खेळच घरच्या नियमांतून जन्माला आला आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ साली प्रसिद्ध झाले. डेव्ह आर्नेसन यांनी मिनेसोटात त्यांची मोडतोड करून आणि त्यांत स्वतःची भर घालून ‘ब्लॅकमूर’ नावाची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांतून चालणारी सलग कथा, चालवली, आणि त्या मोहिमेच्या अनुभवातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या मूळ खेळाच्या तीन छोट्या पुस्तिका तयार झाल्या. त्या पुस्तिकांत लढाईचा मुख्य आधार ‘चेनमेल’चा होता, २० बाजूंच्या फाशाने वार लागला की चुकला हे ठरवण्याची पद्धत केवळ पर्यायी म्हणून दिलेली होती. आज तोच फासा या खेळाची ओळख आहे. क्लेरिक हा जखमा भरणाऱ्या धर्मगुरूंसारख्या पात्रांचा वर्ग आर्नेसन यांच्या टेबलावर एका खेळाडूचे व्हँपायर पात्र कोणालाच आवरेना म्हणून निर्माण झाला. थीफ, म्हणजे चोर, हा वर्ग कॅलिफोर्नियातील खेळाडूंच्या एका गटाने आधी आपल्यापुरता सुचवला होता, आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत तो अधिकृत झाला. स्टीव्ह पेरिन यांनी केलेले लढाईचे फेरफार ‘पेरिन कन्व्हेन्शन्स’ या नावाने खेळाडूंत फिरले, आणि १९७८ साली त्याच पेरिन यांच्या हातून ‘रूनक्वेस्ट’ हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. आज ज्याचा ‘मूळ नियम’ म्हणून हवाला दिला जातो, तो पुष्कळदा पन्नास वर्षांपूर्वीचा कोणाच्या तरी घरचा नियम असतो. मग निष्ठा नेमकी कोणाशी ठेवायची?

आणखी मागे गेले तर हाच वाद प्रशियाच्या सैन्यात झालेला दिसतो. लेफ्टनंट रायस्वित्झ यांनी १८२४ साली ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ सादर केला. नकाशे, तुकड्यांचे ठोकळे, फासे आणि नुकसानीची तपशीलवार कोष्टके असा त्याचा सरंजाम होता, आणि खेळ चालवायला पंच होता. पुढच्या अर्धशतकात नियम इतके वाढले, की ते सांभाळण्यातच पंचाची शक्ती खर्च होऊ लागली. १८७६ साली फॉन व्हर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी कोष्टके आणि फासे बाजूला ठेवून सगळा निर्णय अनुभवी पंचावर सोपवण्याची पद्धत मांडली. तिला मुक्त क्रीगश्पील म्हणतात. कोष्टके जड होती, परंतु आपण का हरलो हे खेळाडूला कागदावर दाखवता येत होते. मुक्त पंच चपळ होता, परंतु त्याचा अंदाज चुकला तर बोट ठेवायला काही उरत नव्हते. आजचे दोन्ही पक्ष या इतिहासातून आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. मला त्यातील वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या दोन्ही पद्धती प्रामाणिक होत्या, कारण आपण कोष्टकासमोर बसलो आहोत की पंचासमोर, हे खेळाडूला खेळ सुरू होण्यापूर्वी माहीत असे, आणि त्या माहितीवर तो आपले डावपेच आखू शके.

तरीही निष्ठावंतांच्या बाजूने दोन मुद्दे असे आहेत, की ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला मुद्दा अनोळखी माणसांचा. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही असे पाच जण एका टेबलावर बसणार असतील, तर छापील पुस्तक हीच त्यांची समाईक भाषा असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गायगॅक्स यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ लिहिले तेव्हा एकसारखेपणाचा आग्रह धरला, त्यामागे स्पर्धांची हीच गरज होती. बुद्धिबळातही एकसारखेपणा अशाच गरजेतून आला. इटलीत किल्लेकोटाचे नियम दीर्घकाळ वेगळे होते. भारतीय पद्धतीत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे. त्या पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतान खान यांना आंतरराष्ट्रीय नियम नव्याने आत्मसात करावे लागले, आणि त्यानंतर त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. भिन्न देशांतील खेळाडूंना एका पटावर बसायचे असेल तर घरचे नियम घरी ठेवावेच लागतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पण या मुद्द्याची मर्यादा त्याच्यातच आहे. दर आठवड्याला भेटणारे पाच मित्र अनोळखी नसतात. समाईक भाषा त्यांच्याकडे आधीच असते, आणि तिच्यात त्यांनी स्वतःचे शब्द घालणे स्वाभाविक आहे.

दुसरा मुद्दा अधिक जड आहे, आणि डीएमच्या अधिकाराचे पुरस्कर्ते त्याला पुरते उत्तर देत नाहीत. नियम एकमेकांत गुंतलेले असतात. एक ओढला की दुसरीकडे ताण पडतो, आणि ओढणाऱ्याला तो ताण दिसतोच असे नाही. सर्वांत प्रचलित घरचा नियम घ्या: हल्ल्याच्या वेळी २० बाजूंच्या फाशावर १ आला, की नुसता वार चुकत नाही, फजितीही होते, तलवार हातातून सुटते, धनुष्याची दोरी तुटते किंवा बाण मित्रालाच लागतो. पहिल्या संध्याकाळी हे मोठे मजेचे वाटते. आता हिशेब करू. १ येण्याची शक्यता दर फेकीला ५ टक्के. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांप्रमाणे फायटरला, म्हणजे योद्ध्याला, पाचव्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या पाचव्या पायरीवर, एका वेळी दोन वार मिळतात, अकराव्या लेव्हलला तीन आणि विसाव्या लेव्हलला चार. म्हणजे अकराव्या लेव्हलचा निष्णात योद्धा आपल्या प्रत्येक पाळीत १४ टक्क्यांहून थोड्या अधिक वेळा फजित होणार, आणि विसाव्या लेव्हलचा, ज्याच्यासारखा लढवय्या त्या जगात विरळा, तो साडेअठरा टक्के वेळा. चार फेऱ्यांच्या एका लढाईत तीन वार करणाऱ्याची किमान एकदा फजिती होण्याची शक्यता ४६ टक्के आहे. शेजारी बसलेला विझार्ड, म्हणजे जादूगार, मात्र फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकतो तेव्हा फासा त्याला टाकावाच लागत नाही. वाचण्यासाठी फासे शत्रू टाकतात. त्यामुळे कौशल्य वाढेल तसा योद्धा अधिक धांदरट होत जातो आणि जादूगाराला त्याची झळही लागत नाही. हे कोणी ठरवून केलेले नसते. नियम मांडणाऱ्याने फायटर खेळणाऱ्याची पाळी डोळ्यांसमोर आणलेली नसते, इतकेच.

असाच प्रकार क्रिटिकल हिटचा, म्हणजे फाशावर २० आल्यावर लागणाऱ्या खास वाराचा. वार अचूक लागला तर दुप्पट इजा व्हावी, ही कल्पना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांच्या, टीएसआरच्याच, १९७५ सालच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’मध्ये आली होती आणि टेबलाटेबलांवर रुजली होती. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्स यांनी तिला विरोध केला, आणि त्यांचे कारण आजही विचार करण्याजोगे आहे: असा नियम राक्षसांनाही लागू करावा लागेल, आणि मग खेळाडूंच्या पात्रांचे आयुष्य घटेल. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने क्रिटिकल हिट स्वीकारला, पण तो पक्का करण्यासाठी दुसरी फेक बंधनकारक केली. आज अनेक गट याच्याही पुढे जातात. आजचा छापील नियम सांगतो की इजेचे फासे दोनदा टाका. ते म्हणतात की एका फाशाचे कमाल मूल्य धरा आणि दुसरा टाका, म्हणजे थाटात मारलेला वार क्षुल्लक आकड्यावर वाया जाणार नाही. भावना समजण्यासारखी आहे. पण ८ हिट पॉइंट्स, म्हणजे इजा सोसण्याची तेवढी क्षमता, असलेला पहिल्या लेव्हलचा विझार्ड घ्या आणि त्याच्यासमोर २०१४ च्या पुस्तकातला कुऱ्हाडधारी ऑर्क हा राक्षस उभा करा, ज्याची इजा १२ बाजूंचा एक फासा अधिक ३ अशी आहे. विझार्ड जागच्या जागी मरण्यासाठी एका वारात १६ इजा, म्हणजे ८ पॉइंट्स संपवून वर पुन्हा तितकीच, व्हावी लागते. छापील नियमाने क्रिटिकल हिट बसला तर असे होण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के. घरच्या नियमाने किमान इजाच १२ अधिक १ अधिक ३, म्हणजे १६, मृत्यू अटळ. आणि ऑर्क एका लढाईपुरता जगतो, तर विझार्डला मोहिमेच्या प्रत्येक लढाईत असे वार झेलायचे असतात. गायगॅक्स यांनी जी किंमत दाखवली होती, ती इथे वाढवून वसूल केली जाते, आणि ती भरतो टेबलावरचा सर्वांत नाजूक पात्र घेऊन बसलेला खेळाडू, जो बहुधा नवाही असतो.

मग निष्ठावंतांचे बरोबर म्हणायचे का? नाही, कारण याच हिशेबाने काही घरचे नियम पुस्तकापेक्षा सरस ठरतात. २०१४ च्या नियमांत जखम भरून काढणारे औषध पिण्यासाठी पाळीतली मुख्य कृती, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन खर्च करावी लागे आणि साध्या औषधाने सरासरी ७ हिट पॉइंट्स परत मिळत. पाचव्या लेव्हलच्या पुढे शत्रू एका पाळीत याहून कितीतरी अधिक नुकसान करत असल्यामुळे औषध पिणे म्हणजे पाळी फुकट घालवणे होते, आणि पुष्कळ खेळाडूंच्या पिशवीत औषधे तशीच पडून राहत. म्हणून असंख्य गटांनी पाळीत मुख्य कृतीखेरीज मिळणाऱ्या छोट्या जादा कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये औषध पिण्याची मुभा दिली. या मुभेची किंमत कोणाला पडते? थोडीशी क्लेरिकला, कारण बोनस अ‍ॅक्शनमध्ये जखम भरणारा ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र त्याचे वैशिष्ट्य होते. पण लाभ सगळ्यांना सारखा मिळतो आणि क्लेरिकची स्वतःची पाळीही मोकळी होते. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकने हा घरचा नियम अधिकृत केला, आणि त्याच पुस्तकात ‘हीलिंग वर्ड’चा चार बाजूंचा एक फासा वाढून दोन झाला. एका बाजूला दिले तर दुसऱ्या बाजूचेही पाहावे, ही काळजी टेबलावरच्या कोणत्याही गटाला घेता येते. त्यासाठी प्रकाशक असावे लागत नाही.

याच्या उलट उदाहरण फाशावरच्या २० चे. छापील नियमाप्रमाणे २० आला की हल्ला लागतो, पण कुलूप उघडणे, भिंत चढणे, राजाला पटवणे अशा कौशल्याच्या प्रयत्नांत २० ला वेगळे स्थान नाही. बेरीज पुरेशी झाली तरच यश. अनेक टेबलांवर मात्र २० म्हणजे हमखास यश आणि १ म्हणजे हमखास अपयश असे मानतात. २०२२ साली प्रकाशकांनी चाचणीच्या मसुद्यात हा नियम घालून पाहिला, आणि २०२४ च्या पुस्तकात तो ठेवला नाही. ज्याने आपल्या पात्राच्या वाढीतील प्रत्येक संधी कुलपांच्या कौशल्यावर खर्च केली आणि ज्याच्या फेकीत १२ मिळवले जातात, त्याची १० च्या कुलपासमोर १ आला तरी बेरीज १३ होते. तो चुकू शकत नाही, आणि ही निश्चिती त्याने विकत घेतलेली असते. घरच्या नियमाने तिच्यातले ५ टक्के काढून ज्याने त्या कौशल्यात काहीच गुंतवले नाही त्याच्या हाती दिले जातात. क्षणभराचा जल्लोष सगळ्यांचा होतो. तोटा मात्र एकाच्या वहीत लिहिला जातो, आणि तो तोटा दिसत नाही म्हणून त्याची कोणी दखल घेत नाही.

सर्वांत महागडे घरचे नियम बहुधा तेच असतात, जे काही जोडत नाहीत, नुसते गाळतात. वजनाचा हिशेब हा त्यांतला अग्रणी. कोण किती ओझे वाहतो हे लिहून ठेवणे कंटाळवाणे आहे, यात शंका नाही, आणि ज्या मोहिमेत राजदरबारातील कारस्थाने रंगतात तिथे ते गाळले तर काहीच बिघडत नाही. पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक नियमांकडे पाहा. तिथे खजिन्यातील एका सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळे, ओझे नाण्यांतच मोजले जाई, ओझे वाढले की चाल मंदावे, मशाल सहा टर्न म्हणजे तासभर जळे, आणि दर दोन टर्नला भटके राक्षस येतात का हे फाशाने पाहिले जाई. आणखी एक पोते उचलायचे की जिवंत बाहेर पडायचे, हा त्या खेळाचा गाभ्याचा प्रश्न होता. वजन गाळले की मशालीला अर्थ उरत नाही, मशालीला अर्थ उरला नाही की वेळेला उरत नाही, आणि मग तळघरातून फिरणे म्हणजे एका लढाईपासून दुसऱ्या लढाईपर्यंतची पायपीट होते. अशा टेबलावरचे खेळाडू शेवटी म्हणतात की जुना खेळ नीरस आहे. मोनोपॉलीची गत हीच झाली आहे. तिच्या नियमांत न घेतलेल्या जागेचा लिलाव सांगितलेला आहे. घरोघरी तो होत नाही, उलट दंडाचे पैसे पटाच्या मध्यभागी जमवून ‘फ्री पार्किंग’वर येणाऱ्याला दिले जातात. पैसा खेळातून बाहेर जाण्याऐवजी परत येतो, जागा उशिरा विकल्या जातात, खेळ लांबतो, आणि लांबल्याचा दोष खेळाच्या रचनाकारांना दिला जातो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. डीएमच्या अधिकाराच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद असा, की कोणतेही पुस्तक सगळ्या शक्यता आधी पाहू शकत नाही. खेळाडू झुंबराला लटकून तेलाने भरलेली कढई शत्रूवर ढकलतो, तेव्हा पृष्ठक्रमांक सापडत नाही. कोणीतरी तिथल्या तिथे निवाडा द्यावाच लागतो, आणि तो देण्यासाठीच डीएम असतो. १९७४ च्या पुस्तिकांनीही वाचकाला हेच सांगितले होते, की पुढचे तुमचे तुम्ही रचा. हे सगळे खरे आहे. पण निवाडा आणि नियम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ‘रूल झीरो’ची, म्हणजे डीएमचा शब्द पुस्तकाच्या वर या तत्त्वाची, ढाल पुढे करणारे त्या जाणूनबुजून किंवा नकळत एकत्र करतात. निवाडा नियम नसलेल्या जागी दिला जातो. तो त्वरित हवा, तात्पुरता हवा, आणि चुकला तरी खेळ पुढे न्यावा. घरचा नियम असलेल्या नियमाच्या जागी बसतो, ज्या नियमावर विसंबून कोणीतरी आपले पात्र घडवलेले असते. पहिल्यासाठी अधिकार पुरेसा आहे. दुसऱ्यासाठी संमती लागते. शिवाय, डीएम दुरुस्ती करू शकतो म्हणून मूळ नियमात दोषच नाही, असाही एक सूर या पक्षात ऐकू येतो. दुरुस्ती करावी लागली, हाच दोष असल्याचा पुरावा असतो. तो मान्य केल्याशिवाय दुरुस्ती कशाची करायची हे ठरत नाही.

आणि सगळेच खेळ डीएमला हा अधिकार देत नाहीत, ही गोष्ट या वादात पूर्ण विसरली जाते. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये खेळ चालवणाऱ्याने काय करावे हेही नियमांनीच बांधलेले आहे. तिथे सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. १० किंवा अधिक आले तर पूर्ण यश, ७ ते ९ आले तर काही गमावून मिळालेले यश, आणि ६ किंवा कमी आले तर संकट. बेरजेत काहीही मिळवले नाही तर मधला पट्टा ४२ टक्के वेळा येतो, आणि सगळी कथा त्या पट्ट्यातूनच पुढे सरकते. खेळाडूंना बरे वाटावे म्हणून एखाद्या गटाने तो पट्टाही निखळ यशात जमा केला, तर त्याने कथेचे इंजिनच काढून टाकले असे होईल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये शिकलेली सवय दुसऱ्या खेळात नेताना हा फरक पाहावा लागतो.

लिखित वचन आणि चालत आलेली रीत यांच्यातील तंटा खेळांपुरता नाही. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन आपल्याकडे जुने आहे, आणि १८६८ साली मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही हिंदू कायद्यापुरता असाच निर्वाळा दिला, की रूढीचा स्पष्ट पुरावा ग्रंथातील वचनावर मात करतो. या निर्वाळ्यातला ‘स्पष्ट’ हा भाग मला फार मोलाचा वाटतो. रूढी निश्चित असावी, सलग पाळलेली असावी आणि अवाजवी नसावी, अशा अटी न्यायालयांनी घातल्या, कारण ज्याला सोयीचे असेल त्याने ऐन वेळी ‘आमच्यात असेच असते’ म्हणावे आणि दुसऱ्याचा हक्क बुडवावा, हे त्यांना होऊ द्यायचे नव्हते. टेबलावर नेमके हेच घडते. ‘आम्ही नेहमी असेच खेळतो’ हे वाक्य नव्या खेळाडूच्या कानावर पहिल्यांदा पडते, तेव्हा त्याचा फासा आधीच पडलेला असतो. जुन्या मंडळींना जी रूढी वाटते, ती त्याच्यासाठी त्याच्या विरुद्ध गेलेला एक अचानक निकाल असते. म्हणून घरचे नियम लिहून ठेवावेत आणि मोहीम सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीत वाचून दाखवावेत, ही मागणी मला कारकुनी वाटत नाही. रूढीला पुस्तकावर मात करायची असेल, तर तिला निदान पुस्तकाइतके उघड तरी व्हावे लागेल.

याच कारणासाठी, पडद्याआड फासे बदलण्याची जी सवय अनेक डीएम अभिमानाने सांगतात, तिला मी सर्वांत वाईट घरचा नियम म्हणतो. तिची बाजू कमकुवत नाही. १९७९ च्या मार्गदर्शिकेनेही फाशाचा निकाल बाजूला ठेवण्याची मुभा डीएमला दिली होती. दोन वर्षे जोपासलेले पात्र रस्त्यावरच्या चोराच्या एका भाग्यवान फेकीने मरावे, यात कोणाचेच भले नाही, असे त्या सवयीचे समर्थक म्हणतात, आणि भावनेच्या पातळीवर ते बरोबर आहेत. पण मग तसा नियम उघडपणे का करू नये? ‘खेळाडूच्या संमतीशिवाय पात्र मरणार नाही, त्याऐवजी कैद, व्रण किंवा मोठे नुकसान होईल’ असे पहिल्याच दिवशी सांगितले, तर तो स्वच्छ करार होतो आणि त्यावर उत्तम खेळ उभा राहतो. लपवलेली दया मात्र प्रत्येक विजयाची किंमत कमी करते, कारण आपण वाचलो की वाचवले गेलो हे खेळाडूला कधीच कळत नाही. आणि दया कोणावर करायची हे एकट्याने, गुपचूप ठरत असल्यामुळे ती सारखी वाटली जाईल याची हमीही कोणी देऊ शकत नाही. जो खेळाडू मोठ्याने हळहळतो त्याच्या वाट्याला ती जास्त येते. गप्प बसणाऱ्याचे पात्र मरते.

यावर एक आक्षेप नक्की येईल, की खेळ म्हणजे न्यायालय नव्हे. चार घटका मजेसाठी जमलेल्यांना हिशेब आणि संमती यांत कशाला गुंतवायचे? आक्षेपातील कळकळ मला मान्य आहे, आणि प्रत्येक बारीक गोष्टीवर मतदान घेणारे टेबल मलाही नको आहे. परंतु ज्याच्या पाळीत तलवार तिसऱ्यांदा हातातून सुटते, त्याची मजा हिशेबात धरायची की नाही? किंमत मोजण्याचे काम दहा मिनिटांचे असते. नियम सुचला, की तो प्रत्येक पात्राच्या पाळीत घालून पाहावा, ज्याला सर्वांत जास्त झळ लागेल त्याला सर्वांत आधी विचारावे, आणि ठरावीक बैठकांपुरता तो चालवून मग पुन्हा चर्चेला आणावा. फजितीच्या नियमाचेच पाहा. फक्त पाळीतील पहिल्या वाराच्या १ ला फजिती मोजायची असे ठरले, तर फायटरची शक्यता कोणत्याही लेव्हलला दर पाळीला ५ टक्क्यांवर येते. आणि मंत्रातून वाचणाऱ्या शत्रूच्या फाशावर २० आला तर तो मंत्र टाकणाऱ्याची फजिती होईल असे जोडले, तर विझार्डही त्याच रांगेत येतो. ज्या गमतीसाठी हा नियम हवा होता ती गंमत शिल्लक राहते, आणि हा फेरफार सुचवायला बहुधा फायटर खेळणाराच पुढे येतो, कारण कुठे टोचते आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते.